ळच्या डोक्यावरची रेघ

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच्या दुसऱ्या मंगळवारी चिंचसरच्या मराठी शाळेत पहिलीच्या एकोणीस पोरांनी एकाच वेळी पाटीवर तीन ठोके दिले. टक, टक, टक. मग एकोणीस माना वर झाल्या आणि दाराकडे वळल्या.

दारात कुणी नव्हतं. बाहेर ओसरीवर खिचडीचं पातेलं निवत होतं आणि नळाखाली एक कावळा पाणी पीत होता.

राजमतीबाई मगदूम फळ्यावर ळ काढत होत्या. ठोके ऐकले आणि त्यांचा खडू तिथंच थांबला, दोन वाटोळ्यांच्या मधे.

"कोण आलंय, बाई?" अरमान मुल्लानं विचारलं.

"कुणी नाही. लिही तू."

"मग आम्ही समदी का बघाय लागलोय?"

"तूच पयल्यांदा बघितलास," शेजारची तनिष्का म्हणाली. "तुझं बघून मी बघितलं."

"मी न्हाई! माझ्या हातानं ठोकलं."

पोरं खिदळली. राजमतीबाईंनी त्यांना हसू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा काढा बरं."

पोरांनी पुन्हा काढला. दोन वाटोळी, मधली दांडी. मग हात उचलला गेला आणि हवेत थांबला. टक, टक, टक. मान वर. दोन-तीन श्वास दाराकडे नजर. मग हात खाली, डोक्यावरची रेघ, आणि ळ पुरा.

त्या ठोक्यांचा अर्थ जगात दोनच माणसांना ठाऊक होता. त्यातलं एक दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. दुसरं फळ्यापाशी उभं होतं.

पोरांच्या मनगटावर जी पट्टी होती, तिला कागदोपत्री काहीतरी लांबलचक नाव होतं. पोरं तिला हातपट्टी म्हणायची. त्या वर्षी ती जिल्ह्यातल्या तीनशे बारा शाळांत आली होती.

लिहिणं ही नुसती बोटांची करामत नाही. मेंदूच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, त्याच्यात हालचालींचे वळसे मुरतात. एकदा मुरले की विचार करावा लागत नाही. अंधारातही माणूस आपली सही करतो. म्हणून तर पूर्वी बाई पोराचा हात आपल्या हातात धरून अक्षर गिरवून घ्यायच्या. डोळ्यांना जे दहा वेळा बघून उमगत नाही, ते मनगटाला एका खेपेत उमगतं. पण बाई एक आणि हात तीस. हातपट्टीनं नेमकी ती अडचण सोडवली. चांगलं वळण असलेल्या एका माणसाचा हात तिच्यात भरलेला असायचा: कुठे वेग, कुठे दाब, कुठे उसंत, सगळं. पट्टीच्या आतले बारीक ठिपके पोराच्या हाताच्या स्नायूंना विजेची हलकी चाहूल द्यायचे, मुंगी चालल्याएवढी, आणि हात आपसूक त्या वळणानं जायचा. जूनमध्ये ज्यांना पेन्सिल धरता येत नव्हती, ती पोरं गणपतीपर्यंत मोत्यासारखं लिहू लागली होती.

तो हात त्रिशलाचा होता. राजमतीबाईंच्या मुलीचा.

त्रिशला तालुक्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायची. तिचं अक्षर असं की लग्नपत्रिकेवर नावं घालायला लोक लांबून यायचे. पट्टीवाल्या कंपनीनं सत्तर जणांची अक्षरं तपासली आणि तिची निवडली. मग निहाल नदाफ नावाचा एक तरुण इंजिनियर घरी येऊन बाहेरच्या सोप्यातल्या टेबलावर यंत्र मांडून गेला. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी त्रिशला हातात ती जाड लेखणी धरून बसायची. आत माजघरात त्याच वेळी राजमतीबाईंचं सामायिक चालायचं.

हे सामायिक, जैनांचं रोजचं ध्यान, त्यांनी लग्न झाल्यापासून एक दिवस चुकवलं नव्हतं. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, एका आसनावर बसायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही. घर, संसार, राग, माया सगळं उंबऱ्याबाहेर ठेवून णमोकाराचा जाप करायचा. समोर श्रवणबेळगोळहून आणलेलं वाळूचं घड्याळ. त्रिशला चार वर्षांची झाली तेव्हा तिला समजावलं होतं, आई आसनावर असली की हाक मारायची नाही. पण पोर ते पोर. मग मायलेकींनी एक तोड काढली. चौकटीवर तीन ठोके द्यायचे. म्हणजे, आई, मी इथं आहे, तुझं झालं की ये. राजमतीबाई डोळे न उघडता मान हलवायच्या. तेवढं व्रतात बसतं की नाही, हे त्यांनी कुठल्या महाराजांना कधी विचारलं नाही.

त्या सकाळी सोप्यातून ठोके आले. टेबलावर लेखणीचे, टक, टक, टक. राजमतीबाईंनी मान हलवली. मधलं दार लोटलेलं होतं, ती मान कुणाला दिसणार नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. घड्याळात चिमूटभर वाळू राहिली होती. तेवढी संपू दिली, नमस्कार केला, आसनाची घडी घातली आणि दार उघडलं. त्रिशला टेबलावर डोकं टेकून होती. डोक्यातली एक शीर फुटली होती. डॉक्टर म्हणाले, आधी कळतं तरी फार काही झालं नसतं. ते खरं होतं की समजुतीचं, हे विचारायचं धाडस राजमतीबाईंना झालं नाही. लोकांनी विचारलं, तिनं हाक नाही का मारली? त्या म्हणाल्या, "मला काही ऐकू आलं नाही."

असत्य बोलायचं नाही, हे त्यांचं दुसरं व्रत. दोन वर्षं ते असं मोडलेलं होतं.

आठवडाभरात ठोके वर्गातून गावात गेले. पोरं ळ नसला तरी ठोकू लागली. बाकावर, डब्यावर, नळावर. आणि ठोकलं की दाराकडे बघायची.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा गौतमी कांबळेची आजी येऊन पायरीवर बसली. गौतमीची आई पुण्याला कारखान्यात होती, पोरगी आजीपाशी.

"बाई, ह्या पट्टीत काय भरलंय वो?"

"का? काय झालं, मावशी?"

"काय व्हायचं राहिलंय? पोरगी ताटावर ठोकतीया आन् दाराकडं बघत बसतीया. घास हातातच. मला वाटलं, आईची वाट बघायलीया. म्हनून फोन लावून दिला. तर म्हनती, आई नगं." म्हातारीनं आवाज खाली घेतला. "म्हटलं, मग कोन पायजे गं तुला? तर म्हनती, कोन येनार हाय त्ये मला ठावं न्हाई, पर कोनतरी येनार हाय."

राजमतीबाईंनी पायरीचा दगड धरला.

"आन् नाव लिवता येईना तिला आता. दिवाळीत माझ्या म्होरं लिवून दाखवलं हुतं, शेवटचं अक्षर वेडंवाकडं का हुईना. आता गौतमी लिवती, कां लिवती, बं... का काय त्ये... लिवती, आन् फुडं हात हलत न्हाई. काल मी एक धपाटा घातला. मग रात्री माझंच मला वाईट वाटलं."

"मारू नका, मावशी. तिची चूक नाही."

"मग कुनाची हाय?"

राजमतीबाई उठून वर्गाला कडी घालू लागल्या. म्हातारी पदर खोचत उठली. "तुमचा सबूद हाय म्हनून गप बसते. न्हाईतर पट्टी चुलीत घातली असती."

सोमवारी निहाल आला. सगळ्या शाळांतून तक्रारी होत्या. बाकीच्या ठिकाणी बाईंनी, गुरुजींनी लिहून पाठवलं होतं, पट्टी बिघडली आहे, बदलून द्यावी. एकट्या चिंचसरमधून काही कळवलं गेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत तो राजमतीबाईंसमोर लहान बाकावर गुडघे दुमडून बसला.

"काकू, पट्टी बिघडलेली नाही. तेच तर अवघड आहे." त्यानं आपली पाटी त्यांच्यापुढे केली. "प्रत्येक अक्षर आम्ही नऊ-दहा दिवस लिहून घेतो. एखाद्या दिवशी हात थरथरला, डास चावला, शिंक आली, ते बाकीच्या दिवसांशी ताडून यंत्र स्वतःच गाळतं. उरतं ते खरं वळण. पण ळ..."

"ळ तिनं एकदाच लिहिला."

"हो. शेवटच्या दिवशी. ताडायला दुसरा नव्हता. म्हणून यंत्रानं त्यातलं सगळंच अक्षराचा भाग धरलं. थांबणं, ठोके, सगळं. फक्त जास्त वेळ थांबलं तर ते चार सेकंदांवर आणतं, पोरं कंटाळू नयेत म्हणून."

राजमतीबाईंचं मन त्या शेवटच्या वाक्यावर अडकलं. पण विचारलं त्यांनी वेगळंच. "हात थांबतो ते समजलं. पोरं दाराकडे का बघतात रे? मान तर तू पट्टीत भरली नाहीस."

निहालनं डोक्यावरून हात फिरवला. "हात विनाकारण थांबला की पोर वर बघणारच. पण तीनशे बारा शाळांतली पोरं दाराकडेच का बघतात, ते मला सांगता येत नाही, काकू. खोटं कशाला बोलू."

बाहेर पोरं आंधळी कोशिंबीर खेळत होती.

"आता मुद्द्याचं," तो म्हणाला. "उजळणी होत नाही तोवर वळण कच्चं असतं. पुढच्या सोमवारपासून उजळणीचे धडे सुरू होतात. तोच वळसा शेकडो वेळा. त्यानंतर तो मुरला म्हणजे मुरला. ही पोरं म्हातारी झाली तरी ळ काढताना ठोकणार. कापायचं तर ह्याच आठवड्यात. पण नियम असा की ज्याचा हात आहे, त्यानं किंवा त्याच्या जवळच्या माणसानं लिहून द्यायचं. ही तिची सवय होती, की त्या दिवशीचा अपघात. सवय असेल तर वळण म्हणून राहू द्यायचं. काही लोक लिहिताना ठोकतात. तिला होती का तशी सवय?"

हो म्हणायचं एवढंच. हो म्हटलं की त्रिशलाची हाक सात-आठ हजार पोरांच्या हातांत जिवंत राहणार. पुढं ती पोरं मोठी होतील, पत्रं लिहितील, सह्या करतील, आणि कुठं कुठं ती टकटक करत राहील, आई, मी इथं आहे.

"उद्या सांगितलं तर चालेल?" त्या म्हणाल्या.

"चालेल की." तो उठला आणि दारात थबकला. "काकू, मूळ नोंद माझ्याकडे आहे. न कापलेली. तुम्हाला हवी असेल तर... हट्ट नाही."

त्यांनी उजवा हात पुढे केला.

निहालनं पट्टी त्यांच्या मनगटावर बांधली. वयानं सैल पडलेल्या कातडीवर ती नीट बसेना, म्हणून आणखी एक वेढा घेतला. पाटीवर पेन्सिल टेकवली. आणि राजमतीबाईंचा हात हलला.

सत्तावीस वर्षांपूर्वी हाच हात त्यांनी आपल्या मुठीत धरून श्री काढून घेतला होता. आता तो त्यांना धरून नेत होता. पहिलं वाटोळं. दुसरं. दांडी. मग हात उचलला गेला. टक, टक, टक. आणि थांबला.

ते चार सेकंद नव्हते. निहाल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पोरांचा आरडाओरडा दूर गेला. राजमतीबाईंचा हात हवेत लोंबत होता आणि त्यांना कळत होतं की तिकडून कुणीतरी कान देऊन आहे. बराच वेळ गेला. मग पुन्हा टक, टक, टक, पहिल्यापेक्षा हलके.

"हे दुसरे..." त्या म्हणाल्या.

"पट्टीत एकदाचेच घेतले यंत्रानं," निहाल पाठमोराच म्हणाला. "दाब मोजला मी. अगदी कमी आहे. घाबरलेल्या माणसाचा हात असा नसतो. म्हणजे जसं कुणाची झोप मोडू नये म्हणून..."

"झोप नव्हे रे," राजमतीबाई म्हणाल्या.

हात अजून थांबलेला. आणखी थांबलेला. मग तो सावकाश खाली आला आणि ळच्या डोक्यावर रेघ मारली, डावीकडून उजवीकडे, सरळ, कुठे न थरथरता. जणू कुणी येत नाही तोवर हातातलं काम तरी पुरं करावं. त्यानंतर हात निर्जीव होऊन पाटीवर पडला.

"किती वेळ झाला हा?"

"काकू, राहू दे."

"किती?"

"पहिल्या ठोक्यापासून रेघेपर्यंत सहा मिनिटं."

दोन वर्षं त्यांच्या लेखी ती चिमूटभर वाळू होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमतीबाई आसनावर बसल्या, घड्याळ उलटं केलं आणि एकही जाप पुरा झाला नाही. ओठ हलत होते, कान सोप्यात होते. तरी वाळू संपेपर्यंत बसल्या. पाणी गाळून तांब्या भरला, कपाळाला गंध लावलं आणि शाळेत गेल्या.

पहिला तास नाव लिहायचा. निहाल मागच्या बाकावर कागद घेऊन बसला होता. पोरं लिहीत होती. तनिष्काचं झालं, अरमानचं तर केव्हाच झालं. त्याच्या नावात ळ नव्हता, तरी त्यानं हौसेनं ठोकून घेतलं. गौतमी खिडकीपाशी होती. तिच्या पाटीवर 'गौतमी कांब' एवढं सुबक लिहिलं होतं, पुढं बिनडोक्याचा ळ. तिचा हात हवेत होता. टक, टक, टक. दाराकडे नजर. इतर पोरांची रेघ चार सेकंदांनी पट्टी काढून द्यायची. गौतमीचा हात पट्टीचंही ऐकत नव्हता. रेघेऐवजी पुन्हा टक, टक, टक. डोळ्यांतून पाणी गालावर येऊन थांबलं होतं, आणि हात गुंतलेला म्हणून ते पुसायलाही येत नव्हतं.

"बाई, ही कवाच्यान् अशीच बसलीया," तनिष्का म्हणाली.

राजमतीबाई गेल्या, तिच्याजवळ फरशीवर बसल्या. तिच्या मनगटाची पट्टी सोडली आणि बाजूला ठेवली. पट्टीशिवायही तो चिमुकला हात उचललेलाच राहिला आणि पेन्सिलीचं टोक पाटीवर आपटलं, हलकेच, कुणाला त्रास होऊ नये तसं. टक, टक, टक.

त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला.

"आले गं," त्या म्हणाल्या. "आले बाळा. ही बघ, उठले मी."

गौतमीनं दाराकडची मान त्यांच्याकडे वळवली. खूप वेळ बघितलं. "तुमीच व्हय?"

"हो. मीच."

"मग लवकर का नाय आलासा?"

राजमतीबाईंनी तिचे गाल पदरानं पुसले. "चुकलं माझं."

गौतमीच्या हातातला ताठा सुटला. तो हात त्यांच्या मुठीत साधा, घामेजलेला, सहा वर्षांच्या पोरीचा झाला. दोघींनी मिळून रेघ मारली. जराशी वाकडी आली. मग गौतमीनं एकटीनं मात्रा दिली, नाक ओढलं आणि म्हणाली, "आजीला दावू?"

"दाखव की."

"बाई, मला पण आले म्हणा," अरमान ओरडला. टक, टक, टक.

"मला पण!"

राजमतीबाई गुडघ्याला हात लावून उठल्या. त्या एकेका पोरापाशी गेल्या, एकेक पट्टी सोडली, एकेक हात धरला आणि प्रत्येकाला म्हणाल्या, आले. पोरांना वाटलं नवा खेळ आहे. काहींनी दोनदा ठोकलं. त्या दोन्ही वेळा आल्या.

मग निहालकडून कागद घेतला. त्यावर छापलं होतं, सदर हालचाल अक्षराचा भाग आहे / नाही. खाली कारणासाठी दोन ओळी. राजमतीबाईंनी 'आहे' खोडलं आणि लिहिलं: हे ठोके मला होते. मला ऐकू आले होते.

निहालनं वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. "काकू, मूळ नोंद पुसायची, की तुमच्यासाठी..."

"पूस," त्या म्हणाल्या. मग तो दाराबाहेर पडल्यावर त्याच्या मागं चार पावलं गेल्या, आणि परत फिरल्या.

सुधारलेला ळ शुक्रवारी आला. पोरांच्या हातातले ठोके आठ-दहा दिवसांत विरत गेले. गौतमीचे सर्वांत शेवटी. नाताळच्या सुट्टीपर्यंत पहिलीची पोरं जोडाक्षरांवर गेली आणि कुणाला काही आठवेना.

राजमतीबाईंनी सामायिक सोडलं नाही. बस्तीत देवासमोर जाऊन त्यांनी फक्त एक नवा नेम घेतला: आसनावर असताना कुणी बोलावलं, तर उठायचं. आता त्या मधलं दार उघडं ठेवतात. सोप्यातलं टेबल तिथून समोर दिसतं. रोज सकाळी घड्याळ उलटं करतात, एक पाय मोकळा ठेवून बसतात, आणि वाळू खाली पडत राहते.

कुणी ठोकत नाही.